मदत हवी आहे: टेक्स्चर टाकलं की बॅकग्राउंड दुधाळ होतं, वर जोड दिसतात

रंगपेटी
खडबडीत कागदाचा फोटो निळ्या ग्रेडियंटवर (हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगावर) टाकलाय. लेअरचा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) नॉर्मल ठेवला तर सगळं दुधाळ, मल्टिप्लाय केला तर काळवंडतं. फोटो लहान पडला म्हणून पॅटर्न (शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा लागणारा तुकडा) करून पसरवला, तर फरशी बसवल्यासारखे चौकोन. क्लोन स्टॅम्पने (एका जागचे पिक्सेल दुसरीकडे उमटवणाऱ्या ब्रशने) जोड घासले तरी दिसतातच. रात्रीपर्यंत द्यायचंय, पटकन सांगा.

पिक्सेलपंत
सॉफ्टवेअर कोणतं? फोटो किती पिक्सेलचा? किती बिट (रंगछटा किती बारीक नोंदल्यात)?

गिंपभक्त
गिंप घ्या, फुकटचं फोटो एडिटर आहे. फिल्टर्समध्ये मॅप, त्यात टाइल सीमलेस. एका क्लिकचं काम.

तिरकस
आणि कागदाचे कण? टाइल सीमलेस फोटोची सरकवलेली प्रत त्याच फोटोत मिसळतं. कणावर कण चढून टेक्स्चर मऊ पडतं. ढगांना चालेल, खडबडीत कागदाला नाही.

रंगपेटी
फोटोशॉप, अर्थातच. १६०० बाय १६००, ८ बिट.

पिक्सेलपंत
उजेड एका बाजूने होता का?

रंगपेटी
डावीकडे खिडकी होती. त्याचा काय संबंध?

पिक्सेलपंत
सगळा संबंध तिथेच आहे. डावी कड उजळ, उजवी गडद. पसरवल्यावर उजळ कड गडद कडेला टेकते आणि चौकोन दिसतो. ती रेघ कितीही घासा, उजेडातला फरक तसाच राहतो. म्हणून आधी उजेड सपाट करा, जोड नंतर.

फोटो डीसॅच्युरेट करा, म्हणजे रंग काढून करडा करा. मग फिल्टर, अदर, हाय पास. रेडियस १०० ते १५०. त्याहून मोठे चढउतार जातात, बारीक कण राहतात. रेडियस ५-१० ठेवलात तर नुसत्या कडा उरतील. चित्र करडं, मरगळलेलं दिसेल. तसंच दिसायला हवं. लेव्हल्समध्ये (उजळ-गडद जुळवायची खिडकी, ० काळं ते २५५ पांढरं) काळं टोक ९०, पांढरं १६५, मधला आकडा १.०० तसाच. दोन्ही टोकं मधल्या करड्यापासून सारखी लांब, म्हणून सरासरी ढळत नाही.

आता अदरमध्येच ऑफसेट: आडवं ८००, उभं ८००, रॅप अराउंड. जोड अधिक चिन्हासारखा मधोमध येईल. तो हीलिंग ब्रशने (आजूबाजूशी जुळवून डाग भरणाऱ्या ब्रशने) मिटवा. ब्रश कॅनव्हासच्या कडेला लागू देऊ नका, नाहीतर तिथे नवा जोड तयार होईल. मग डिफाइन पॅटर्न.

ग्रेडियंटवर हा पॅटर्न लेअर सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडमध्ये ठेवा. या मोडला ५० टक्के करडा म्हणजे काहीच नाही, त्यामुळे निळा निळाच राहतो. हिस्टोग्राममध्ये (उजळ-गडद पिक्सेलच्या आलेखात) टेक्स्चरचा मीन, म्हणजे सरासरी, १२८ च्या आसपास आहे का बघा. मूळ कागद पांढरट आहे. तो तसाच सॉफ्ट लाइटमध्ये टाकला असतात तर रंग फिका पडला असता.

शाई_सांडली
हे सगळं नंतर. आधी फाइल १६ बिट करा, नाहीतर ग्रेडियंटमध्ये रंगाचे पट्टे येणार.

तिरकस
पट्ट्यांबद्दल कुणी विचारलंय? शिवाय ८ बिटमध्ये आधीच पडलेले पट्टे मोड बदलून जात नाहीत, ग्रेडियंट नव्याने ओढावा लागतो. आणि १६ बिटमध्ये फिल्टर गॅलरी बंद, म्हणजे त्यातला टेक्स्चरायझर (तयार टेक्स्चर देणारा फिल्टर) गेला.

शाई_सांडली
टेक्स्चरायझर कोण वापरतं आता?

तिरकस
धागाकर्त्याचे पट्टे तरी कोण बघतंय? टेक्स्चरचे कणच पट्टे झाकतात. अगदीच दिसले तर अ‍ॅड नॉइज १ टक्का, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक.

कोपरा
सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) केलंय ना? छापताना निळा जांभळट होतो.

रंगपेटी
छापायचं नाहीये, स्क्रीनसाठी आहे.

कोपरा
मग आधी सांगायचं ना.

रंगपेटी
पंत, चौकोन गेले! निळाही जागेवर. पण एक काळा ठिपका रांगेत पुन्हा पुन्हा दिसतोय. पॅटर्न ७० टक्के स्केलला जरा धूसरही वाटतोय.

पिक्सेलपंत
ठिपका मूळ टाइलमध्ये हील करून पॅटर्न पुन्हा डिफाइन करा. डोळा आधी वेगळी गोष्ट शोधतो, मग तिची रांग. गाठी, धागे, सुरकुत्याही काढा. स्केल १०० किंवा ५० ठेवा. ७० ला पिक्सेल नव्याने मोजले जातात, कण पुसट होतात. जेपीईजी करताना क्वालिटी फार उतरवू नका, कण आधी मरतात.

गिंपभक्त
हाय पास गिंप २.१० मध्येही आहे.