दोरीवरची भिंगरी: कापणार नाही, डोळ्याला लागणार नाही अशी कशी बनवायची?

बार्शीकडची_बाई

नमस्कार मंडळी, मी झेडपीच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पुढच्या दप्तरमुक्त शनिवारी पोरांकडून भिंगरी करून घ्यायचीय. चकतीला दोन भोकं पाडून त्यातून दोऱ्याचा वेढा ओवायचा, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढत-सोडत राहायचं, मग भुंss करत फिरते ती. आमच्याकडे भिंगरी म्हणतात, काही पोरं गरगरी म्हणतात, तुमच्याकडे अजून काही म्हणत असतील.

अडचण अशी की गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत पोरांनी आपापल्याच भिंगऱ्या केल्या होत्या, सोडा बाटलीचे बिल्ले दगडाने ठेचून सपाट करायचे आणि खिळ्याने भोकं पाडायची, आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय हे, पण एकाचा दोरा तुटला आणि बिल्ला शेजारच्या पोराच्या भुवईवर बसला. दोन टाके पडले. अर्ध्या बोटावर डोळा होता. तेव्हापासून शाळेत भिंगरी बंद आहे आणि ती मीच बंद केली, पण मनाला पटत नाहीये कारण पीळ, वेग, तोल हे सगळं या एका खेळण्यात हाताला कळतं, तसं फळ्यावर शिकवून नाही कळत. 38 पोरं आहेत, सामान गावातल्या दुकानात मिळेल किंवा घरी पडलेलं असेल असंच हवं. मी जुन्या सीडी वापरायचा विचार करत होते, सायबर कॅफेवाला पोतंभर द्यायला तयार आहे. चालतील का? आणि सगळ्यांना गॉगल द्यावेत का?

लेथवाला

ताई सीडी अजिबात नको. मी टर्नर आहे, 22 वर्षं फिरत्या वस्तूंबरोबर काम केलंय म्हणून सांगतो. फिरणाऱ्या वस्तूचं दोन तऱ्हेने लागतं. एक म्हणजे वस्तू अख्खीच सुटते, दुसरं म्हणजे वस्तू फिरता फिरताच फुटते. दुसरं जास्त वाईट. दोरा तुटतो तेव्हा चकतीचा मधला भाग तसा जागेवरच असतो, फिरतेय फक्त कड, त्यामुळे ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटत नाही, पण दोन्ही हात ताणलेले असतात ना, एक बाजू सुटली की दुसऱ्या हाताच्या ओढीने ती त्या हाताकडे नाहीतर तोंडाकडे झेपावते आणि कशाला टेकली की कडेच्या जोरावर भलतीकडे पळते. तुमच्या पोराचं बहुतेक असंच झालं असणार. पण चकतीच फुटली तर तुकडा कडेच्या पूर्ण वेगाने सरळ जातो, त्याला काही अडवत नाही. सीडी वाकवली तर पात्यासारखे तुकडे होतात हे सगळ्यांनी बघितलंय. वर मधलं भोक 15 मिमीचं, त्यावर काहीतरी चिकटवून मग दोन भोकं पाडायची, म्हणजे मध्य चुकणारच, आणि मध्य चुकला की थरथर, थरथरली की दोरा लवकर झिजतो.

फरशीचे तुकडे, काच, पत्रा, कडक प्लॅस्टिक, यातलं काहीच नको. फुटणारं नको आणि पातळ धारेचं नको.

गॉगलचं म्हणाल तर द्या, वाईट नाही, पण शनिवारी गॉगल असेल, रविवारी घरी नसेल. भिंगरी घरी जाणारच आहे. ती अशी करा की गॉगल नसला तरी काही होऊ नये.

फेरे_मोजणारा

लेथवाले दादांशी सहमत, फक्त थोडे आकडे देतो म्हणजे मुख्याध्यापकांना समजावायला बरं पडेल.

चकतीच्या कडेचा वेग म्हणजे घेर गुणिले सेकंदाला फेरे. सीडी 12 सेंमीची, घेर साधारण 37.7 सेंमी. मिनिटाला 3000 फेरे धरा, म्हणजे सेकंदाला 50, कडेचा वेग झाला सुमारे 19 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 68 किमी. तेच 57 मिमीची चकती तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 32 किमीवर येते. आता साठलेली ऊर्जा. सपाट भरीव चकतीत ती वस्तुमान गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग भागिले 4 एवढी असते. 15 ग्रॅमची सीडी आणि 3 ग्रॅमची छोटी चकती ताडून बघा, सीडीत 20 पटीहून जास्त भरते. खरं तर जड चकती त्याच हाताने थोडी हळू फिरेल, तरी फरक मोठाच राहतो. म्हणजे आकार कमी केला की दुहेरी फायदा, वजनही उतरतं आणि कडेचा वेगही.

पण बिल्ल्याचं कोडं वेगळं आहे बघा. बिल्ला जेमतेम दोन-अडीच ग्रॅमचा, ऊर्जा फार नाही, तरी टाके पडले. कारण पत्रा पाव मिलीमीटरच्या आसपास जाड, सगळा जोर एका रेघेवर येतो. म्हणून नुसतं हलकं असून भागत नाही, कड जाड आणि मऊ पाहिजे, ती दाबली गेली पाहिजे. त्वचा दाबली जाण्याच्या आधी.

अजून एक, पोरांना सांगण्यासारखं आहे. स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश (मूळचे मेरठचे) आणि त्यांच्या टीमने 2017 मध्ये याच भिंगरीच्या तत्त्वावर रक्त वेगळं करायचं कागदी यंत्र केलं, पेपरफ्यूज नाव त्याचं. वीज नाही, मोटर नाही, हाताने ओढून मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत नेलं आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा झाला. खर्च 20 सेंट, वजन 2 ग्रॅम. म्हणजे हलकी चकती नीट फिरत नाही, जडच पाहिजे, असं जे म्हणतात ते खरं नाही. अर्थात आपल्याला एवढे फेरे नकोतच, भुंss आवाज आला की पोरं खूश.

दोन_वेण्यांची_आई

सगळे चकतीचं बोलताय पण दोऱ्याचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितेय. माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हा जत्रेतून अशीच भिंगरी आणली होती, प्लॅस्टिकची, कडा गोल, चांगली होती. ती मान वाकवून जवळून बघत होती आणि मोकळे केस दोऱ्याच्या पिळात गेले. एका क्षणात चकती कपाळापर्यंत चढली. ती घाबरून ओढायला लागली, जितकं ओढावं तितका पीळ घट्ट. शेवटी मी दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापला आणि चकती उलटी फिरवत फिरवत केस सोडवले, तरी एक बट गेलीच. चकती कितीही मऊ केली तरी हे होणार कारण केस धरतो तो दोरा.

त्यामुळे बाई, मुलींच्या वेण्या घालून वर बांधा, ओढण्या नकोत, मुलांच्याही गळ्यात दोरे-ताईत असतात ते आत घाला. भिंगरी पोटासमोर धरायची, तोंडासमोर नाही, आणि कात्री तुमच्या स्वतःच्या हातात ठेवा, टेबलावर नको. केस अडकले तर ओढायचं नाही, "बाई" म्हणून ओरडायचं, हे आधी दोनदा म्हणवून घ्या त्यांच्याकडून.

बार्शीकडची_बाई

ताई हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. वर्गात 17 मुली आहेत, सगळ्यांच्या वेण्या असतात पण शनिवारी बऱ्याच जणी केस धुवून मोकळे सोडून येतात. शुक्रवारीच सांगून ठेवते.

सीडी रद्द. मग मऊ म्हणजे काय घेऊ? स्लीपरचा रबर कापून बघितला आत्ता, फिरते पण दोऱ्याने भोकं फाडली दहा मिनिटांत.

लेथवाला

स्लीपर जाडही पडतो आणि दोरा त्याला करवतीसारखा कापतो. पोटात कडक, बाहेर मऊ असं करा. गाडीच्या चाकालाही आत रिम आणि बाहेर टायर असतंच की. स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टची फोम शीट मिळते 2 मिमीची, तिच्या दोन चकत्या, मध्ये कोटाचं मोठं बटण, दोन भोकांचं. बटणाची भोकं कारखान्यात पाडलेली, मध्य चुकायचा प्रश्नच नाही.

दोन_वेण्यांची_आई

बटण सुटलं आणि घरी धाकटं भावंड असेल तर? पोरं भिंगरी घरी नेणार म्हणालात ना.

फेरे_मोजणारा

बरोबर मुद्दा. खेळण्यांचं आपलं मानक आहे आयएस 9873, त्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं ठरवून दिलंय 31.7 मिमी व्यासाचं, त्यात जो भाग अख्खा बसेल तो घशात अडकू शकतो असं धरतात. कोटाचं बटण त्यात सहज बसतं. तुमची पोरं मोठी आहेत पण घरी रांगणारं असेलच कोणाच्या तरी. म्हणून आतला कडक भाग 40 मिमीचा घ्या, तो सुटला तरी त्यात जात नाही, आणि बाहेरचा फोम 57 चा, म्हणजे चारी बाजूंनी आठ-साडेआठ मिमी मऊ कड राहते.

जाता जाता, शाळेच्या बाल आनंद मेळाव्यात स्टॉल लावून विकायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. स्वतः करून स्वतः खेळणं वेगळं.

गुहागरची_काकू

आतल्या कडक भागाला लग्नपत्रिका घे गं. घरोघरी ढीग असतो. तीन थर फेविकॉलने चिकटव, रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेव, सकाळी लाकडासारखं होतं. आम्ही कोकणात करवंटीची करायचो, घासून घासून गोल करायला दोन दिवस लागायचे, आवाज सुंदर पण कपाळाला लागली की टेंगूळच, तेव्हा ती काही तुला सुचवत नाही.

बाहेरच्या गोलाला कंपास नको, सव्वादोनची बांगडी ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवायची, बरोब्बर 57 मिमी येते. मध्य काढायला तेवढाच कागदी गोल कापून दोनदा घडी घालायची, घड्या जिथे छेदतात तो मध्य. हे पोरांना करू दे, त्यातच त्यांना मजा येते. भोकं मात्र तू पाड दाभणाने, मध्यापासून दोन्हीकडे 4-4 मिमीवर, एकाच रेषेत. एक भोक जरी सरकलं तरी भिंगरी लंगडते.

आणि दोरा सुती घे, क्रोशाचा चार पदरी पिळून. लोकर ताणते म्हणून फिरत नाही. नायलॉन बोटं कापतो. मांजा तर घरात असला तरी बाहेर टाक.

लेथवाला

काकूंनी सांगितलं ते बटणापेक्षा चांगलं आहे, मी माझं मागे घेतो.

दोरा एक मीटर, त्याचा वेढा केला की हातात जवळजवळ अर्धा मीटर येतो, लहान पोरांना पुरे. बोट थेट दोऱ्यात घालू देऊ नका, पीळ भरला की बोट आवळतं, निळं पडतं. संपलेल्या स्केचपेनच्या नळीचे तुकडे करून दोन्ही टोकांना मुठी करा. गाठ मात्र सरकणारी नको, फास होतो, साधी घट्ट गाठ मारा. दर वेळी खेळायच्या आधी भोकापाशी दोरा बघायचा, तिथेच झिजतो. पिंजारलेला दिसला की बदलायचा, चार आण्याचा दोरा आहे, जीव लावू नये त्याला.

आणि 38 करायच्या आधी एक करून मुद्दाम तोडा. दोरा ब्लेडने अर्धा कापून ठेवायचा, समोर बादलीवर ओला पेपर ताणून बांधायचा, गॉगल घालून जोरात ओढायचं. शेजारी एक बिल्ल्याचीही करून बघा म्हणजे फरक कळेल. मग फिरती कड स्वतःच्या हाताला लावून बघा, आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, तिथली कातडी नाजूक असते.

बार्शीकडची_बाई

काल रात्री केल्या दोन. एक लग्नपत्रिका आणि फोमची, वजन किराणा दुकानाच्या काट्यावर दिसेचना, सोनाराकडे नेली, 3 ग्रॅमला थोडी कमी. आवाज बिल्ल्याएवढा तिखट नाही, जरा घोगरा येतो, पण फिरते मस्त आणि बराच वेळ फिरते. चौथ्या ओढीला दोरा तुटला, चकती पेपरवर आपटून खाली पडली, पेपर तसाच. बिल्ल्याची तुटली तेव्हा पहिल्यांदा पेपरला लागलीच नाही, जमिनीला टेकून माझ्या पायावरून गेली, दुसऱ्यांदा लागली आणि पेपर बोटभर फाटला. ते बघून गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यासमोर आलं.

फोमची कड मनगटावर लावली, गरम लागलं आणि गुदगुल्या झाल्यासारखं, कातडी लाल झाली ती पाच मिनिटांत गेली. डोळ्याला लागली तर चालेल असं मी म्हणणार नाही, म्हणून दोघांमध्ये दोन हात अंतर ठेवणार आणि मैदानावर, फरशीवर नाही, मातीत उभं करणार. तो टाके पडलेला मुलगा आता चौथीत आहे, त्याला विचारलं करशील का, तर म्हणाला बाई मला मोठी बांगडी द्या. त्याला सव्वादोनचीच देणार आहे.

काकू, फोम आणि पत्रिका फेविकॉलने एका ठिकाणी सुटली, पत्रिकेचा सोनेरी चकचकीत भाग होता तिथे. तो भाग आधी घासून घ्यायचा का आतल्या साध्या बाजूच बाहेर ठेवायच्या?

गुहागरची_काकू

साध्या बाजू बाहेर. चकचकीत असेल ते सगळं आत जाऊ दे, आणि तिथे पॉलिश पेपरने दोन हात मार म्हणजे धरेल. गणपतीच्या छापाची पत्रिका असेल तर ती वेगळी काढून ठेव, पोरं भोक पाडायला कचरतात.