सोयूझ टी मध्ये तिसऱ्या माणसाला जागा कशी झाली? मदत हवी आहे

मंडळी, ३० जून १९७१ ला सोयूझ-११ हे सोव्हिएत अंतराळयान परतताना त्याचे कक्ष विलग होण्याच्या धक्क्याने हवेची झडप उघडली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिन्ही अंतराळवीर गेले. अंगात दाबपोशाख (यानातली हवा गेली तरी जीव वाचवणारे पोशाख) नव्हते. ते घालून तिघांना बसायला जागाच नव्हती. वाचताना फार चटका लागतो. १९७३ पासून सोकोल नावाचे दाबपोशाख आले, पण यानात माणसं दोनच. मग नोव्हेंबर १९८० मध्ये सोयूझच्या सुधारित ‘टी’ प्रकारातल्या सोयूझ टी-३ मधून पुन्हा तिघे गेले, तेही पोशाखासह! परतीच्या कक्षाचा बाहेरचा आकार तर तोच होता. आत नेमकं काय काढलं, काय हलवलं? नवा संगणक आला हे माहीत आहे. मला आसनं आणि प्राणवायूच्या यंत्रणेबद्दल हवंय. कोणाकडे आतली रेखाचित्रं असतील तर कृपया द्या, रशियनमधली असली तरी चालतील.