दगडी हत्यारांच्या समाजाकडे बंदुका : कादंबरीत पटेल का?

प्रश्न

मी लिहीत असलेल्या कादंबरीतला समाज एका बेटावर राहतो. रताळ्याची शेती आणि मासेमारी करणाऱ्या या लोकांची हत्यारे दगडाची आणि हाडाची आहेत. लोखंड त्यांना ठाऊक नाही. बुडालेल्या जहाजातून त्यांना चाळीस ठासणीच्या, चकमकीच्या बंदुका मिळतात आणि वर्षभरात ते शेजारचे मोठे बेट जिंकतात. हस्तलिखित वाचणाऱ्या मित्राचे म्हणणे असे, की अशा लोकांना बंदूक चालवणे जमणारच नाही. हे कारण मला चुकीचे वाटते, पण कथानकात काहीतरी कच्चे आहे, हेही जाणवते. ते नेमके कुठे आहे?

प्रतिसाद १

आपल्या मित्राचे कारण इतिहासाला धरून नाही. न्यूझीलंडच्या माओरी लोकांना युरोपीय येईपर्यंत कोणताही धातू माहीत नव्हता, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्यांनी आपसांतली मोठी युद्धे बंदुकांनी लढली. मात्र सुरुवात कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. 1807 च्या सुमारास मोरेमोनुई येथे ङापुही टोळीकडे थोड्या बंदुका होत्या आणि तरीही ती हरली, कारण बंदुका पुन्हा ठासण्यात जाणारा वेळ साधून शत्रू अंगावर आला. तिच्याच होंगी हिका या सरदाराने 1820 मध्ये इंग्लंड गाठले, परतताना सिडनीत शेकडो बंदुका मिळवल्या आणि मग उत्तर बेट हादरवून सोडले.

या बंदुकांची किंमत चुकवली ती बटाट्यांनी, डुकरांनी आणि तिथल्या अंबाडीसारख्या धाग्याने. रताळ्यापेक्षा बटाट्याला कष्ट कमी आणि पीक जास्त, त्यामुळे व्यापारासाठी माल उरू लागला. लढाईत पकडलेले कैदी त्याच शेतांवर राबवले गेले. आपल्या कादंबरीत मला ही शेते दिसत नाहीत. जहाज एकदाच फुटते, युद्धाला मात्र सतत पुरवठा लागतो.

प्रतिसाद २

मला खरी अडचण बंदुकीच्या दारूची वाटते. एका बाराला साधारण दहा ग्रॅम दारू आणि तीस ग्रॅम शिसे धरले, तर चाळीस बंदुकांच्या प्रत्येकी तीस बारांना बारा किलो दारू आणि छत्तीस किलो शिसे लागेल. शिसे 327 अंशांना वितळते, म्हणजे गोळ्या चुलीच्या विस्तवावरही ओतता येतील. दारू तशी घरात करता येत नाही. तिच्यात साधारण तीन चतुर्थांश सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) असतो आणि उरलेल्या भागात कोळसा व गंधक.

आमच्या गावच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीला लोणा लागत असे. बोटाने खरवडले की पांढरी, जिभेला गार लागणारी भुकटी निघे. सोऱ्याची वाट तिथूनच सुरू होते : जनावरांच्या मुताने मुरलेली माती पाण्यात भिजवायची, निथळ राखेतून गाळायची, आटवायची आणि थंड होताना धरणारे स्फटिक वेचायचे. ज्या बेटावर गोठे नाहीत आणि पावसाने माती सतत धुऊन निघते, तिथे हे कुणाला सुचायलाच पिढ्या लागतील.

शिवाय जहाज बुडालेले नको. सोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे भिजलेल्या पिंपात कोळसा आणि गंधकाचा चिखलच उरेल. जहाज खडकावर अडकलेले आणि दारूचे कोठार कोरडे दाखवावे.

प्रतिसाद ३

एक गोष्ट मात्र या समाजाच्या बाजूची आहे आणि ती कुणी सांगितली नाही. चकमकीच्या बंदुकीच्या घोड्यात गारेचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दगडाचा, तुकडा बसवलेला असतो. काही डझन बारांनंतर त्याची धार बोथट होते आणि ठिणगी पडेनाशी होते. असा तुकडा तासून घ्यायला दगडाची हत्यारे घडवणाऱ्यांपेक्षा चांगले हात कोणाचे असणार? योग्य जातीची गार बेटावर आहे एवढे दाखवले, की पुरे.

लोखंडाचेही तसेच आहे. ग्रीनलंडच्या उत्तरेकडील इनुइट लोक केप यॉर्कच्या उल्कापाषाणातले लोखंड न तापवता, नुसते ठोकून सुऱ्या आणि भाल्यांची टोके करत. मोडलेली बंदूक आपल्या लोकांच्या हाती वाया जाणार नाही. तिच्या पट्ट्यांतून पाती निघतील. पण नवी नळी निघणार नाही. जपानमध्ये 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्या, तेव्हा तलवारी घडवणाऱ्या लोहारांनाही नळीचे मागचे तोंड आट्यांच्या स्क्रूने बंद करण्याची युक्ती उमगली नाही. तिथल्या परंपरेनुसार ती पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी कारागिराकडून शिकावी लागली.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. जहाज आता खडकावर चढवतो. मोठे बेट जिंकण्याचा प्रसंग काढून टाकतो. त्याऐवजी पहिल्या चढाईनंतर दारूची शेवटची तीन पिंपे उरतात आणि ती कुणावर खर्चायची, यावरून टोळीतच फूट पडते, असे लिहीन. गार तासणारी एक म्हातारी माझ्या पहिल्या प्रकरणात आधीपासूनच आहे. तिला मी उगाच मागे ठेवले होते.