आठवणीतले माइकवाले

दुसरा_मजला:
परवा सोसायटीच्या गणपतीत मुलांची कॅरम स्पर्धा होती. ड्रॉ व्हॉट्सअ‍ॅपवर, निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर, कोणाची मॅच किती वाजता तेही व्हॉट्सअ‍ॅपवर. क्लब हाउसमध्ये चार बोर्ड लागलेले आणि शांतता अशी की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. एका पोराचा स्ट्रायकर होलमध्ये गेला, त्याने गुपचूप जीभ चावली, आणि मला एकदम आमचे काका आठवले. काका असते तर ती जीभ अख्ख्या लालबागला कळली असती.

काका कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. संध्याकाळी मंडळाच्या स्पर्धेत ड्रॉ काढणारे तेच, पंच तेच, माइकवाले तेच, बोर्डावर पावडर मारणारेही तेच. ड्रॉ जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, निळ्या खडूने. एंट्र्या 43 आल्या तर 64 चा ड्रॉ, म्हणजे 21 बाय. हा हिशेब तोंडी. आणि जाहीर कसा करायचे, "21 जणांना देवाने न खेळताच पास केलंय, बाकीच्यांनी अभ्यासाला लागा."

मग हाका. "बोर्ड नंबर दोन, तळमजला विरुद्ध नळाजवळची खोली, पहिली हाक!" दोन मिनिटांनी, "दुसरी हाक! जिन्यात दिसलात, लपू नका!" आणि मग आवाज एकदम खाली आणून, मयताला आल्यासारखं, "तिसरी हाक. वॉकओव्हर. जा बाबा, जेवून झोप."

पण खरी गंमत वेगळीच. साच्यांच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो, तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. काका स्टेजवर बसून 30 फुटांवरच्या खेळाडूचं पुटपुटणं वाचायचे आणि माइकवरून सांगून टाकायचे. "बोर्ड एकवरचे म्हणतात, बल्ब डोळ्यात जातो. मगाशी तीन सोंगट्या घेतल्या तेव्हा कुठे जात होता?"

1987. मी 14 वर्षांचा, सेमीफायनल, शेवटचा बोर्ड, म्हणजे शेवटचा डाव. राणी घेतली, आणि ती टिकवायला लगेच घालायची सोंगटी, म्हणजे कव्हर, अगदी होलच्या तोंडाशी. मी ओठातल्या ओठात म्हणालो, "आई गं, एवढी एक." झालं! "दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, गॅलरीत या, पोरगा तुमचं नाव घेतोय!" चाळ फुटली हसून. आई खरंच आली हो, कोपरापर्यंत पिठाचे हात. आणि मी कव्हरबरोबर स्ट्रायकरही घालवला. राणी परत मध्यात, वर ड्यूची, म्हणजे दंडाची सोंगटी. दिवाळीपर्यंत काकांशी बोललो नाही.

तुमच्याकडचे असे माइकवाले सांगा. खेळ कुठलाही चालेल.

शिवडी_फास्ट:
तिसरी हाक!!! काटा आला अंगावर. लोकलमध्ये आहे, उतरलो की लिहितो.

वाटीभर_साखर:
त्या वहिनींची बाजू कोणी ऐकली का? पोळ्या टाकता टाकता मुलाच्या पराभवाचं खापर फुकट डोक्यावर.

दुसरा_मजला:
@वाटीभर_साखर, आई आजही म्हणते, "मी आले म्हणून नाही, तुझा अंगठा हलला."

फडके_वाडी:
गिरगावात आमच्याकडे अगदी उलट नमुना. बँकेतले गृहस्थ, धोतर नाही पण धोतराच्या चालीचे. राणी घेतली आणि कव्हर मिळालं की, "राणीसाहेबांना पाठराखीण मिळाली." कव्हर चुकलं की, "राणीसाहेब माहेरी परत." कोणी व्हाइट स्लॅम मारला, म्हणजे ब्रेक करून एका दमात राणीसकट सगळ्या नऊ सोंगट्या घेतल्या, तर, "पूजा, आरती, प्रसाद, सगळं एका बैठकीत!" आणि समोरच्याला, ज्याला स्ट्रायकरला हातही लावायला मिळाला नाही, त्याला स्टेजवर बोलावून खरोखर पेढा द्यायचे. ते पेढे स्वतःच्या पैशाने आणायचे. मी दोनदा खाल्लाय. चवीबद्दल विचारू नका.

1996 साली मारिया इरुदयमना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण तीन रात्री, रोज फायनलच्या आधी, उभं राहून वाचलं. कॅरमला अर्जुन! 1991 आणि 1995 असे दोन वेळा जगज्जेते झालेले हे मद्रासचे इरुदयम, हे आम्हाला पाठ झालं होतं. एक आजोबा दर वेळी "मद्रासचे ना, मग आपल्या इथलं कोण?" विचारायचे, आणि यांचं उत्तर ठरलेलं, "बोर्ड चौकोनी असतो आजोबा, त्याला गाव नसतं."

बे_एके_बे:
पाठराखीण!!! 😂😂 ऑफिसमध्ये एकटाच हसतोय.

कट_मास्टर:
एक शंका. 1987 साली तुमच्याकडे गेम 25 गुणांची होती की 29 ची? आमच्याकडे 29 ची आणि राणीला 5 गुण. आता 25 ची आणि राणीला 3, तेही तुमचे 21 होईपर्यंतच. 22 झाले की राणी नुसती शोभेला.

दुसरा_मजला:
29 ची. पण काकांच्या राज्यात गुणांपेक्षा अपमान जास्त मोजले जायचे.

शिवडी_फास्ट:
उतरलो. आमचे माइकवाले फक्त देणगीदारांची नावं वाचायचे. मॅच चालू असताना! "अमुक यांजकडून 11 रुपये, तमुक यांजकडून 11 रुपये, आपल्या लाडक्या मावशींकडून एक नारळ." खेळाडू नेम धरून बसलाय आणि इकडे नारळ. शॉटला 15 सेकंद असतात म्हणे, आमच्याकडे एका नारळाचे 20 व्हायचे. चला, भाजी घ्यायचीय.

सहामाही_नापास:
माफ करा, पण एवढं कौतुक नको. आमच्या खिडकीला कर्णा बांधलेला असायचा. रात्री दीड वाजता "बोर्ड नंबर तीनवर पावडर पाठवा". सहामाहीत गणितात 31. आता 2000 च्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, ते आमच्या पिढीला 15 वर्षं उशिरा सुचलं. वडील तक्रार करायला गेले ते पंच होऊन परत आले, हे वेगळं.

बे_एके_बे:
तुमच्या वडिलांवर वेगळा धागा काढा.

अबोली_76:
मी जिल्हा पातळीवर खेळले आहे, म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडचे निवेदक पुरुषांना आडनावाने पुकारायचे आणि आम्हाला "सौ." लावून. मी तेव्हा 19 ची, लग्न नाही काही नाही. पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी माइकजवळ जाऊन सांगितलं, "सौ. नाही हो." तर माइकवरून, "दुरुस्ती! कुमारी! इच्छुकांनी नोंद घ्यावी!" रडकुंडीला आले. बोर्ड मात्र 12 ने घेतला, रागात हात फार सरळ चालतो.

बायकांची फायनल दुपारी 3 ला ठेवायचे, का तर संध्याकाळी स्वयंपाक. प्रेक्षक कोण, तर मंडप बांधणारे दोघे आणि एक कुत्रं. अनुपमा केदार, संगीता चांदोरकर या कॅरमपटूंची नावं पेपरात यायला लागली तेव्हा तोच मनुष्य आम्हाला म्हणाला, "ताई, यंदा तुमची फायनल रात्री 9 ला, माइक फुल." मी त्या वर्षी पहिल्या फेरीत हरले! आडनाव मात्र बरोबर घेतलं त्यांनी. तेवढं चहा पिता पिता ऐकलं.

वाटीभर_साखर:
@अबोली, "रागात हात सरळ चालतो" हे मी पोळ्या लाटताना वापरणार आहे.

लाल_माती:
कॅरममधलं कळत नाही, पण माइक म्हटला की आमच्याकडे कुस्तीचं मैदान. शंकरअण्णा पुजारींचं निवेदन ज्याने ऐकलं त्याला बाकी सगळं फिकं. मी सांगतोय ते मात्र आमच्या जत्रेतल्या एका मास्तरांचं. पैलवान आखाड्यात उतरायच्या आत त्याचं गाव, वस्ताद, तालीम, आज्याने कुठं कुणाला चितपट केलं, सगळं सांगून मोकळे. कागद नाही हातात. हलगीवाल्याला नुसतं बोट दाखवायचे, बोट वर गेलं की हलगी तापायची, खाली आलं की गप्प. एकदा दोन पोरं वीस मिनिटं नुसती हात धरून उभी. मास्तर म्हणाले, "मंडळी, वधूवर पसंत आहेत, अक्षता टाका." आणि लोकांनी खरंच खालची माती उचलून टाकली की हो. दुसऱ्या मिनिटाला कुस्ती निकाली.

घाटातला_गडी:
बैलगाडा शर्यत विसरू नका. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, निवेदकाचा श्वास बैलांबरोबर सुटतो. "झाली झाली झाली... उचल की ली ली... भिर्रर्र!" आणि लगेच घड्याळावरचे सेकंद, पॉइंटाच्या पुढच्या आकड्यापर्यंत. 2014 ला बंदी आली, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली. मधली सात वर्षं आमचे निवेदक लग्नात आणि दशक्रियेला माइक धरायचे. एका लग्नात मंगलाष्टक संपलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, भिर्रर्र. नवरदेव दचकला. मुलगी हसली, तीच आता सरपंच आहे.

फडके_वाडी:
हा किस्सा खोटा असला तरी राहू द्या.

घाटातला_गडी:
लग्न माझंच होतं.

ओहायोचा_पाऊस:
मी इथे दर मंगळवारी पूल लीग खेळतो, पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल घालवायचा खेळ. नाइन बॉल. टेबलावरचा सगळ्यात लहान नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे आणि 9 नंबरचा जो नीट घालवेल तो जिंकला. इथेही एकच म्हातारा ड्रॉ लिहितो, माइक धरतो, भांडणं मिटवतो. गंमत म्हणजे हाकाही तीनच! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला खडू पडला. माझं नाव त्याला म्हणता येत नाही, म्हणून तो मला "डॉक्टर" पुकारतो. मी पाइपांचा इंजिनियर आहे. गेल्या महिन्यात एकाने मला गुडघा दाखवला.

त्यानेच सांगितलेली, आणि इथल्या पूलवाल्यांत प्रसिद्ध असलेली गोष्ट. 1985 साली ह्यूस्टनमधल्या रेड्स नावाच्या पूल हॉलमधल्या स्पर्धेत फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस "सेझार मोरालेस" या नावाने खेळला आणि जिंकून गेला. रेयेस हे नाव लोकांनी ऐकलं होतं, चेहरा कोणी पाहिला नव्हता. पुढे 1999 ला तो नाइन बॉलचा जगज्जेता झाला. मी विचारतो तेव्हा आमचा म्हातारा सुस्कारा टाकून म्हणतो, त्या दिवशी ड्रॉ लिहिणाऱ्याला जाऊन विचार.

नळ_गेला:
खोट्या नावाने? हे तर आम्ही दर वर्षी करायचो! एका मंडळाने मला भांडणावरून बंद केलं, म्हणून भावाच्या नावाने एंट्री. 5 रुपये भरले, टोपी घातली. माइकवाले बघत राहिले आणि म्हणाले, "बोर्ड चारवर अमुक यांचे धाकटे बंधू. टोपी नवीन, अंगठ्याचं नख तेच." खेळू दिलं मात्र. दुसऱ्या फेरीत हरलो तर वर म्हणतात, "भावाला सांगा, तुमच्यापेक्षा तो बरा खेळायचा." खरा भाऊ शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याला कॅरमची राणी लाल असते एवढंच माहीत.

कट_मास्टर:
बाय कोणाला जायचे पण? आमच्याकडे बाय कायम सेक्रेटरीच्या मेहुण्याला. 21 चिठ्ठ्यांत त्याचं नाव कसं यायचं? एकदा कोणीतरी डबा उलटा केला तर त्याची चिठ्ठी पापडासारखी चार घड्यांची, बाकी सगळ्या दोन घड्यांच्या.

वाटीभर_साखर:
आणि पावडर! आमच्या घरातली टाल्कम संपली की समजायचं उपांत्य फेरी आली. एकदा बाबांनी तांदळाचं पीठ दिलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर मुंग्यांची फायनल.

सहामाही_नापास:
बोरिक पावडर लागते हो. तीच झुरळांच्या गोळ्यांत घालतात. म्हणून चांगल्या क्लबात झुरळ नसायचं, फक्त खेळाडू असायचे.

अबोली_76:
@दुसरा_मजला, तुमच्या काकांचं पुढे काय झालं? संपात गिरणी गेली असेल ना?

दुसरा_मजला:
हो. जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर ते परत साच्यावर उभे राहिलेच नाहीत. मी लिहिलं ते 1987 चं, तेव्हा ते एका गोदामावर रात्रपाळीला राखणदार होते. स्पर्धेच्या तीन रात्री बदली माणूस द्यायचे आणि त्याचे पैसे स्वतः भरायचे. हे आम्हाला फार नंतर कळलं. मंडळ त्यांना काय द्यायचं? एक शाल, एक नारळ. शाल दर वर्षी तीच असल्याचा संशय होता.

चाळ पाडली तेव्हा ते मुलाकडे बदलापूरला गेले. लग्नानंतर बायकोला घेऊन भेटायला गेलो होतो. कान जवळजवळ गेले होते, साच्यांनी नेले. टीव्हीवर बातम्या चालू, आवाज पूर्ण बंद. म्हटलं काका, आवाज? तर म्हणाले, "असं जास्त कळतं. हा बघ, वाक्य संपायच्या आत पाणी मागतोय." आणि खरंच त्या निवेदकाच्या हातात पाण्याचा ग्लास आला.

कॅरमचा विषय मी काढला, त्यांनी नाही. माझी सेमीफायनल त्यांना आठवत नव्हती. आईचे पिठाचे हात आठवत होते.

निघालो. खाली रिक्षापाशी आलो तेव्हा बायको हळूच म्हणाली, चहा फारच गोड होता हो. वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, भर दुपारी, माइक नाही काही नाही, "साखर सूनबाईने घातली! माझं नाव नको!"

सूनबाई मागेच उभ्या होत्या.

वाटीभर_साखर:
🙏😂

शिवडी_फास्ट:
भाजी घेऊन आलो, एवढं सगळं झालं होय. बोरिक पावडर हल्ली कुठे मिळते? केमिस्ट विचारतो, झुरळं आहेत का.

सहामाही_नापास:
हो म्हणा.