शंभरपर्यंत पाठ, पण सात चमचे आणता येईनात

खानापूरची आई
माझा मुलगा पाच वर्षांचा, यूकेजीत. वन टू हंड्रेड घडाघडा म्हणतो, पाहुणे आले की आजी म्हणून दाखवायला लावतेच. परवा जेवायला सात जण होते, म्हटलं सात चमचे आण. मूठभर घेऊन आला. मोज म्हटलं तर बोट एकीकडं, तोंड एकीकडं. शेजारीण म्हणते अबॅकसला घाला. घालू काय? घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्लिश, त्यानं गोंधळ होत असेल काय?

येळ्ळूरच्या बाई (निवृत्त)
अबॅकस राहू दे ओ. पोराला आकडे ओवीसारखे पाठ आहेत, मोजणं यायचंय अजून. एका वस्तूला एकच आकडा, हे आधी. त्यासाठी चमचा उचलून टोपात टाकत मोजू दे, म्हणजे तोच परत मोजला जात नाही. मग शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या मिळून तेवढ्या. पाच चिंचोके मोजून झाले की विचारा, "किती झाले?" परत एकपासून सुरू केलं तर हे बसलेलं नाही. रागवू नका. तुम्हीच मोजा नि शेवटी ठासून म्हणा, "चार, पाच. पाच चिंचोके."

आणि कवड्यांचा पट, चौकाबारा काढा की! चार कवड्या टाकायच्या, तीन उताण्या पडल्या की तीन. खेळून खेळून पोरं न मोजता नुसतं बघून आकडा सांगतात. चारी पालथ्या पडल्या की आठ, हे मात्र लहानांना पटत नाही. "एकपण उताणी नाही, मग आठ कसे?" असं माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं. बरोबरच होतं तिचं. मी नियमच बदलला: सगळ्या पालथ्या म्हणजे शून्य, जागेवर बसा. शून्य फुकटात शिकवून झालं.

भाषेचं टेन्शन नको. एका डावात एक भाषा. आजीबरोबर एक-दोन, शेजारच्या अक्कांबरोबर ओंदु-एरडु.

वडगावचा मागवाला
बाई, चौकाबारा गोल गोल फिरत आत जातो, आणि घरांत आकडेपण नसतात. अमेरिकेत रामाणी आणि सीग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरच्या बालवाडीतल्या पोरांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर खेळवलं, सगळं मिळून तासभर. कुठला आकडा मोठा, हे ती पोरं आधीपेक्षा चांगलं सांगायला लागली. आकड्यांऐवजी रंगांची पट्टी घेतली तर तसा फरक पडला नाही. पुढं गोल पटावरपण करून बघितलं, सरळ पट्टीएवढा उपयोग झाला नाही.

येळ्ळूरच्या बाई (निवृत्त)
मान्य. कवड्या बघून आकडा ओळखायला, पट्टी आकड्यांची रांग कळायला. अंगणात खडूनं दहा घरं आखा, आकडे घाला, पोरालाच सोंगटी करा. पाचात उभा असताना दोन पडले तर "एक, दोन" म्हणत उडी नाही मारायची, "सहा, सात" म्हणत मारायची. सगळी मेख तिथं आहे. पुढची बेरीज त्यातनंच येते.

खानापूरची आई
आजच आखते. पण कवड्या कुठनं आणू? आणि धाकटी दीड वर्षाची आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते.

येळ्ळूरच्या बाई (निवृत्त)
मग ती झोपल्यावरच कवड्या काढा, चिंचोकेपण तसेच. जागी असेल तेव्हा बटाटे मोजा. सौंदत्तीला यल्लम्माला कोण ना कोण जातंच, त्यांना सांगून ठेवा, कवड्या आणतील.