मदत हवी आहे: वाचनालयात मुलांची 'थीम पार्टी' करायची आहे, पण पुस्तकं कोपऱ्यातच राहतात (सातारा)

चारभिंती

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा बालविभाग मार्चपासून माझ्या गळ्यात पडला आहे. म्हणजे काय, वार्षिक सभेत मी नको त्या वेळी हात वर केला. वाचनालय सरकारी वर्गवारीत 'इतर ब' वर्गातलं. अनुदान येतं ते पगार आणि पुस्तकखरेदीतच संपतं. मुलांच्या कार्यक्रमांसाठी कार्यवाहांनी वर्षाचे ३,००० रुपये काढून दिलेत, तेही 'बघू, जमतंय का' या बोलीवर. मी ग्रंथपाल नाही. घरून हिशेबाची कामं करते, मुलगी चौथीत आहे, एवढीच माझी पात्रता.

मे महिन्यात पहिला प्रयोग केला, 'जंगल पार्टी'. हिरवे फुगे, वाघाचे मुखवटे, स्पीकर, केक, सगळं यथासांग. ३४ मुलं आली, वयं ३ ते १३. पहिला फुगा फुटला तशी वरच्या अभ्यासिकेतली दोन एमपीएससीवाली पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाहीत, नुसती बघत राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग केकचं क्रीम जुन्या दिवाळी अंकांच्या बांधीव खंडाला लागलं. मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि डाग आणखी पसरवला (हे करू नका).

संध्याकाळी फुग्यांचे तुकडे झाडताना लक्षात आलं की दोन तासांत एकाही मुलाने एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं. हाच कार्यक्रम एखाद्या मंगल कार्यालयात झाला असता तरी काडीचा फरक पडला नसता.

आता दिवाळीच्या सुट्टीत दुसरी संधी मिळतेय. हॉल साधारण २० फूट बाय १५. सकाळी ११ पर्यंत तिथे ज्येष्ठ मंडळी पेपर वाचतात, तो वेळ मागायची माझी छाती नाही. तर विचारायचं आहे की थीम कोणती घ्यावी, ३ वर्षांचं आणि १३ वर्षांचं पोर एकाच वेळी कसं सांभाळावं, आणि खाऊचं काय करावं. शिवाय एका पालकांनी मुलाचा वाढदिवस वाचनालयाच्या हॉलमध्ये करू द्या, भाडं देतो, असं विचारलंय. कार्यकारी मंडळाला भाडं दिसतंय, मला क्रीम दिसतंय.

आगाऊ आभार.

उगाच एक

वाचनालयात पार्टी? आमच्या वेळी 'शांतता राखा' ही पाटी होती आणि आम्ही ती राखत होतो. असो. पॉपकॉर्न आणलाय, वाचतोय.

कराडची लेक

चारभिंती, आधी तुम्हाला साष्टांग नमस्कार. मी सध्या अमेरिकेत, माहेर कराड. इथल्या सार्वजनिक लायब्ररीत लेकाला दर आठवड्याला नेते, त्यातून जे दिसलं ते सांगते.

वयाचे गट इथे कटाक्षाने वेगळे ठेवतात. ३ ते ५ ची मुलं आईबाबांना घेऊन येतात. गोष्ट, एखादं गाणं, पुन्हा छोटी गोष्ट, अर्ध्या तासात घरी. त्यापुढे ती बसत नाहीत, बसवूही नये. मोठ्यांचा तास निराळा. तुम्ही ३४ जणांना एकत्र दोन तास सांभाळलंत, त्याबद्दल वेगळा नमस्कार.

मला सगळ्यांत आवडलेला प्रकार म्हणजे खेळण्यांचा मुक्काम. संध्याकाळी मुलं आपलं मऊ खेळणं, अस्वल, ससा, जे असेल ते, लायब्ररीत सोडून जातात. रात्री कर्मचारी त्या खेळण्यांचे फोटो काढतात: ससा कपाटावर चढलाय, अस्वल काउंटरवर बसून शिक्के मारतंय, हत्ती पालथा पडून पुस्तक वाचतोय. सकाळी मुलाला खेळणं परत मिळतं, फोटो मिळतो आणि त्या खेळण्याने 'निवडलेलं' पुस्तक घरी न्यायला मिळतं. माझा लेक पुस्तकाला हात लावत नसे. माकडाने निवडलंय म्हटल्यावर ते पुस्तक त्याने माकडालाच वाचून दाखवलं. खर्च शून्य, आवाज शून्य, तुमची एमपीएससीची पोरंही खूश. हवं तर त्यांनाच फोटो काढायला लावा.

एक सावधगिरी: कार्टूनचा सिनेमा लावायचा मोह होईल. घरी बघण्यापुरता घेतलेला सिनेमा सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर वेगळी परवानगी लागते. त्या फंदात पडू नका.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, थीम नंतर. आधी एक प्रश्न. बालविभागाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

चारभिंती

@कराडची लेक, माकडाची आयडिया ढापली.
@निवृत्त ग्रंथपाल, सर, किल्ली लेखनिक काकांकडे असते. काचेचं कपाट आहे. मुलांनी बोट दाखवायचं, काका काढून देतात. क्रमांक सांगितला तर लवकर देतात.

निवृत्त ग्रंथपाल

वाटलंच. मग तुमच्या जंगल पार्टीत पुस्तक कुणी हातात घेतलं नाही यात मुलांचा काय दोष? जंगल कुलपात होतं.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि बाजूच्या कपाटाला कुलूप असतं. ३१ वर्षं मी नोकरी केली, त्यातली पहिली दहा मीही किल्ली खिशात घालूनच फिरलो, म्हणून सांगतो. काकांना दोष देऊ नका. साठा पडताळणीत पुस्तक कमी भरलं की जाब त्यांना विचारतात, तुम्हाला नाही. तेव्हा एक वेगळी वही करा, 'कार्यक्रमासाठी बाहेर काढलेली पुस्तकं', आणि खाली सही तुमची. ५०-६० पुस्तकं काढा, टेबलावर आणि सतरंजीवर उघडी मांडा, मुखपृष्ठ वर. कण्याकडून पुस्तक ओळखायला मोठी माणसं लागतात, पोरांना चित्र दिसलं पाहिजे.

तुमच्याच जिल्ह्यात भिलार आहे. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत, येणारा-जाणारा हाताळतो. मुलीला घेऊन एकदा जाऊन या, आणि जमलं तर काकांनाही न्या.

आता थीम. ती बाजारात जाऊन ठरवू नका, कपाटासमोर उभं राहून ठरवा. ज्या विषयावर तुमच्याकडे किमान २० बरी पुस्तकं आहेत, तीच तुमची थीम. डायनोसॉरवर दोनच पुस्तकं असतील तर डायनोसॉर पार्टी करू नका, मग फुगेच फुगवावे लागतात.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. निवृत्त ग्रंथपालांना +१. आमच्याकडे उलटी गंमत झाली होती. मुलांचा हात पोचावा म्हणून बालविभाग कपाटाच्या खालच्या दोन खणांत ठेवलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आत शिरलं तेव्हा पहिल्यांदा मुलांचीच पुस्तकं गेली. चिखल लागलेली चित्रांची पुस्तकं उन्हात पसरली होती, पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. आता आम्ही चाकांच्या रॅकवर ठेवतो. मुलांच्या हाताला येतात आणि वेळ आली तर ढकलत वर नेता येतात. साताऱ्याला ती भीती नाही, पण कार्यक्रमाला रॅक फार उपयोगी पडतो.

थीमचं म्हणाल तर आमची 'नाटक पार्टी' हमखास चालते. ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं ते इथेच, त्यामुळे सांगलीकराला निमित्त शोधावं लागत नाही. भरपूर संवाद असलेली एक गोष्ट घ्यायची, चार-चार मुलांत वाटून द्यायची आणि पुस्तक हातात धरूनच वाचायची. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, फार तर एक उपरणं. उपरणं खांद्यावर टाकलं की राजा, डोक्याला बांधलं की शेतकरी. जी मुलं एरवी अडखळत वाचतात ती राजाचं वाक्य तीनदा घोकून येतात.

उगाच एक

पॉपकॉर्न संपला. आता गांभीर्याने: दिवाळीची सुट्टी आहे, सातारा आहे, मग किल्ला का नाही? पोरं तशीही अंगणात चिखल कालवणार. वाचनालयात चिखल नको, पुस्तकांचे पुठ्ठ्याचे खोके आणि रद्दी पेपर वापरा. अजिंक्यतारा करा. माहिती मात्र पोरांनी पुस्तकातून काढायची: औरंगजेबाने १७०० मध्ये किल्ला घेतल्यावर काय नाव दिलं? (आझमतारा.) परत कुणी घेतला? उत्तर सापडलं तर एक बुरूज चढवायला मिळेल.

चारभिंती

@उगाच एक, तुम्हाला पॉपकॉर्न माझ्याकडून. आत्ताच कपाटासमोर उभी राहून मोजून आले. किल्ल्यांवर २६ पुस्तकं, पक्ष्यांवर १९, जंगलावर (हसू नका) ७.

म्हणजे मोठ्यांचा किल्ला. लहानांना पक्षी देऊ का? ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा, मधला आठवडा पक्षी सप्ताह असतो. मायणीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, ते बऱ्याच मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असतात.

निवृत्त ग्रंथपाल

द्या. गोष्ट वाचताना एक करा. पुस्तक स्वतःसमोर धरू नका, कानाजवळ आडवं धरा, चित्र मुलांकडे आणि तुमची नजर तिरकी. त्यासाठी घरी दोनदा मोठ्याने वाचून गोष्ट जवळजवळ पाठ व्हावी लागते. दहा-बारांपेक्षा जास्त मुलं असली तर मागच्यांना चित्र दिसत नाही आणि ती एकमेकांना चिमटे काढतात. आणि गोष्ट संपल्यावर 'मग यातून आपण काय शिकलो?' असं विचारू नका. गोष्ट संपली की गप्प बसा. मुलं स्वतःच काहीतरी विचारतात.

मराठी चित्रगोष्टी कमी पडल्या तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर फुकट आहेत, छापूनही घेता येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतील.

मोठ्यांसाठी खजिनाशोध ठेवा. तुमच्याकडे पुस्तकं दाखल क्रमांकाने (म्हणजे वाचनालयात आली त्या क्रमाने) लावली असतील तर चिठ्ठीत नुसता क्रमांक द्या. त्या पुस्तकात पुढची चिठ्ठी. आणि चिठ्ठी लावायला काकांनाच बसवा, कोणता क्रमांक कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

कराडची लेक

खाऊ शेवटी आणि बाहेर पायऱ्यांवर. चिवडा अजिबात नको, तेलकट पिवळी बोटं दिवाळी अंकांवर उमटतात (आमच्या घरचे सगळे अंक साक्षीला आहेत). केळी द्या, आणि हात धुवायला बादली. नावनोंदणी करतानाच शेंगदाण्याचं वगैरे कुणाला चालत नाही का, ते लिहून घ्या. फुगे तर नकोच, फुटलेले तुकडे लहान मुलं तोंडात घालतात.

कृष्णाकाठ

वाढदिवसाचं राहिलंच. आम्ही परवानगी देतो, पण अटीवर. केक बाहेर. आत अर्धा तास गोष्ट, वाचणार त्या मुलाचे आजी किंवा आजोबा. आणि भाड्याऐवजी वाचनालयाला पुस्तकं भेट, आत मुलाच्या नावाची चिठ्ठी डकवून. पोरं आपल्या नावाचं पुस्तक कुणी नेलं हे बघायला पुन्हा येतात. मंडळाला रोख भाडंच हवं असेल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही, आमच्याकडेही त्यावर दोन सभा झाल्या.

चारभिंती

उशिरा अपडेट देतेय, क्षमस्व.

दोन्ही कार्यक्रम झाले. पक्ष्यांना ११ मुलं आली. मी गोष्ट वाचताना एकाने मध्येच 'हा आमच्या टाकीवर येतो' असं सांगितलं, मग प्रत्येकाच्या टाकीवर, गच्चीवर आणि आजोळी काय येतं ते ऐकण्यात अर्धा तास गेला. गोष्ट अर्धीच राहिली. सर, मी काहीच विचारलं नाही हो!

किल्ला १९ मुलांनी केला. अभ्यासिकेतल्या त्या दोघांना आधीच जाऊन सांगितलं होतं, तर एक जण स्वतःहून इतिहासाचे प्रश्न काढून घेऊन आला. प्रश्न जरा राज्यसेवेच्या वळणाचे होते, पण बुरूज चढले. खर्च ६४० रुपये, त्यात केळीच जास्त. खेळण्यांचा मुक्काम जानेवारीत. वाढदिवसाच्या अटी मंडळाच्या पुढच्या सभेत ठेवल्या आहेत.

काकांनी चिठ्ठ्या लावल्या आणि वर प्रत्येक पोराला 'आणखी डावीकडे, आणखी डावीकडे' असं सांगत फिरले. कपाट दिवसभर उघडं होतं. संध्याकाळी त्यांनी कुलूप लावलंच, पण किल्ली आता ड्रॉवरमध्ये असते, खिशात नसते.

वहीप्रमाणे ४१ पुस्तकं घरी गेली, ३९ परत आली. काका रोज विचारतात. एक पुस्तक नेणारा मुलगा फलटणला आजोळी गेलाय. दुसरं काल माझ्याच लेकीच्या दप्तरात सापडलं. काकांना अजून सांगितलेलं नाही.