इसवी सन आणि संत बीड
इसवी सन संत बीड या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती संन्याशानं शोधला, असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. ती वर्षमोजणी डायोनिसियस या रोममधल्या संन्याशाची, ५२५ सालची. जॅरोच्या मठातल्या बीडनं ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासग्रंथात ती सरसकट वापरली आणि मग ती रुजली. हे कामही थोडं नव्हे!

पण त्याचा ७२५ चा कालगणनेवरचा ग्रंथ सुरू होतो बोटांवरच्या मोजणीनं, हेही सांगायला हवं. डाव्या हाताची करंगळी तळव्यात दुमडली की १, सोबत अनामिका २, मधलं बोट ३. मग करंगळी उघडली की ४, अनामिकाही उघडली की ५. ६ ला एकटी अनामिका दुमडायची. इथंच अडतं, कारण शेजारची बोटं ओढली जातात. दशक अंगठा-तर्जनीवर, शतक-सहस्र उजव्या हातावर. दोन हातांत ९९९९ पर्यंत!